सांधेदुखीत मनाचे उपक्रम: तुमच्यासाठी कोणता?

२०१८ साली अमेरिकेत एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज झालेल्या ३६० माजी सैनिकांपैकी एका गटाला सहा आठवडे सकारात्मक मानसशास्त्रातले, म्हणजे मनातल्या चांगल्या भावना वाढवणारे छोटे उपक्रम दिले होते, दुसऱ्याला भावनेशी संबंध नसलेली साधी कामं. दुखणं दोन्ही गटांत थोडं उतरलं, पण गटागटांत फरक पडला नाही. तेव्हा ‘कशाने जास्त दुखणं कमी होईल?’ असं विचारून निवडायला बसू नका. दुखण्याने तुमचं काय हिरावलंय, झोप, सकाळ, माणसं की पुढची उमेद, ते पाहून निवडा. गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवायचे.

रात्री पडल्यावर दुखण्याचेच विचार फिरत असतील, तर ‘तीन चांगल्या गोष्टी’. झोपण्याआधी दहा मिनिटं, दिवसातल्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीपुढे ती का घडली याची एक ओळ. बहुतेक जण नेमकी ही ओळच गाळतात. मग चौथ्या दिवसापासून ‘चहा, नात, ऊन’ हीच यादी उमटत राहते. ‘आज जिन्यात एकदाच थांबावं लागलं, कारण आठवडाभर मांडीचे व्यायाम चुकवले नाहीत’ असं लिहिलं की आपल्या हातात काय आहे ते दिसतं. २००५ च्या एका प्रयोगात आठवडाभर हे करणाऱ्यांचा आनंद सहा महिन्यांनंतरही टिकलेला दिसला; ती मंडळी सांधेदुखीची रुग्ण नव्हती, हे मात्र लक्षात असू द्या. बोटं दुखत असतील तर मोबाइलवर बोलून ठेवा किंवा जाड पकडीचं पेन घ्या. रोज कंटाळवाणं वाटलं तर आठवड्यातून एकदा पुरे.

सकाळ जड जात असेल तर लिहिण्याच्या फंदात पडू नका. आमवातात सांधे तासभर किंवा त्याहून जास्त आखडलेले राहतात, झिजेत सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. तेवढ्या वेळात गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरा आणि पाच मिनिटं ऊब, वास, पहिला घोट एवढ्यावरच लक्ष ठेवा. बातम्या बंद. बोटांना बधिरपणा असेल तर कोमट कपच घ्या, भाजलेलं कळत नाही. ‘आता दुखणं विसरायचंच’ असं ठरवून बसलात तर लक्ष तिथेच जाईल; दुखणं असू द्या, शेजारी चहाही असू द्या.

घराबाहेर पडणं थांबून माणसं तुटली असतील, तर दुसऱ्यासाठी काहीतरी करणं. रोज थोडं थोडं करण्याऐवजी आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी बसून होणारी दोन-तीन कामं करा: एकट्या राहणाऱ्या मावशींना फोन, शेजारच्या मुलाचं गणित, कुणाचं वीजबिल मोबाइलवरून भरून देणं. इथला धोका ठरलेला आहे. बरं वाटलं म्हणून घरभर पुरणपोळ्या लाटायच्या आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचं. काम घड्याळ लावून करा आणि दुखणं वाढायच्या आत उठा. वर्षानुवर्षं घरादाराचं करत आलेल्या बाईला मात्र हा उपक्रम सुचवूच नये. तिला मदत घ्यायची सवय जास्त गरजेची आहे.

ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला कृतज्ञतेचं पत्र लिहून प्रत्यक्ष वाचून दाखवल्यावर मन लगेच उभारी धरतं, पण महिना-तीन महिन्यांत परिणाम ओसरतो. त्या माणसाशी संबंध ताणलेले असतील तर नकोच.

पुढे काय होईल याची धास्ती असेल, तर चांगल्या भविष्याचं वर्णन पंधरा-वीस मिनिटं लिहा. त्यात पूर्ण बरे झालेले तुम्ही रंगवू नका, रोजची सकाळ ते खोटं पाडेल. ‘गुडघा दुखत असूनही मी काय काय करतेय’ असं लिहा. हातांना मात्र हे सगळ्यांत जड.

सूज चढलेली असेल त्या दिवसांत चहाच्या कपाखेरीज यातले बाकीचे उपक्रम बाजूला ठेवा. एखादा सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तरीही डॉक्टरांकडेच जा, वही पुरणार नाही.

एका वेळी एकच उपक्रम घ्या. झोप आणि दुखणं यांना आठवड्यातून एकदाच शून्य ते दहा गुण द्या. रोज मोजत बसलात तर लक्ष दुखण्यालाच चिकटतं. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही, तर तो सोडून दुसरा घ्या.