लुपस आणि ऊन: साताठ महिने सगळं वापरून झाल्यावर

सनस्क्रीन, यूपीएफवाले कपडे (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा म्हणजे यूपीएफ), काचेची फिल्म, टॅक्रोलिमस मलम आणि रोजची गोळी, हे सगळं एकत्र सुरू करून साताठ महिने होत आले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मला लुपस आहे, म्हणजे आपलीच इम्युनिटी आपल्या शरीरावर उलटते तो आजार, आणि त्रास जास्त करून स्किनचाच, म्हणजे गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली, छातीवर गळ्याखाली आणि हातांवर गोल कडांचे चट्टे, त्यात रक्तात अँटी-रो नावाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह, त्यामुळे उन्हाशी आपलं वाकडंच. बहुतेक जण सनस्क्रीनवर सगळा भार टाकतात आणि कपडे वगैरे जमलं तर बघू म्हणतात. माझं मत अगदी उलटं झालंय. पहिला नंबर कपड्यांचा, दुसरा काचेच्या फिल्मचा आणि सनस्क्रीन तिसरं.

कपड्यांचं कारण साधं आहे, कापड पुसलं जात नाही आणि दोन तासांनी परत लावावं लागत नाही. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत येतो, म्हणजे २ टक्के. आणि आपला नेहमीचा पातळ पांढरा कॉटनचा टीशर्ट बऱ्याचदा १० च्याही खाली असतो, घामाने ओला झाला की अजून कमी. मी आता कुठलाही कपडा उजेडासमोर धरून बघते, पलीकडचं अंधुक दिसलं तर तो उन्हासाठी बाद. गडद रंग आणि घट्ट वीण असेल तर साधा कपडासुद्धा चालतो, मुद्दाम यूपीएफचंच घ्यायला पाहिजे असं नाही. तोटा एकच, घाम. लांब बाह्यांचं ते सिंथेटिक जॅकेट दुपारी अंगात नको होतं. कॅप मात्र घेऊ नका, कान आणि मानेची मागची बाजू उघडीच राहते, आणि कानाच्या खोलगट भागात चट्टे येणं लुपसमध्ये नवीन नाही. चहूबाजूंनी रुंद काठ असलेली हॅट घ्या. छत्री चांगली, पण खालून उसळून येणारं ऊन ती अडवत नाही, पाणी किंवा वाळू जवळ असेल तर छत्री असूनही लाली येते माझी. बोटांची टोकं उघडी असलेले ग्लोव्ह्ज मी आधी हसण्यावारी नेले होते आणि आता त्यांच्याशिवाय गाडीत बसत नाही, कारण मनगट आणि हाताचा पंजा हीच जागा सगळ्यात आधी पेटते.

आता काचेचं. उन्हातल्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार. काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते पण यूव्हीए बरंचसं सोडते, आणि लुपसवाल्यांना दोन्ही बाधतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, तिच्यातून यूव्हीए फारसं येत नाही, पण बाजूच्या काचांचं तसं नसतं. माझा खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा कायम जास्त लाल, आणि मी त्या बाजूला झोपते म्हणून तो तसा असेल वगैरे काहीबाही तर्क लावत होते. पारदर्शक यूव्ही फिल्म बसवल्यावर दोन्ही हात हळूहळू सारखे दिसायला लागले. फिल्म काळीच पाहिजे असं काही नाही, हे बसवणाऱ्यालाच समजावून सांगावं लागलं. कामाच्या टेबलाची जागाही खिडकीपासून हलवून घेतली. जुन्या पद्धतीच्या ट्यूब आणि सीएफएलमधून थोडं यूव्ही येतं, एलईडीत ते नसल्यातच जमा, म्हणून डेस्कचा दिवा तेवढा बदलला.

सनस्क्रीन. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए चार प्लस (PA++++) किंवा ब्रॉड स्पेक्ट्रम बघायचं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८, पण हे कधी, तर पुरेसं लावलं तर. लॅबमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि माणसं लावतात त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. म्हणून मी ५० च घेते आणि दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत रेघ काढून तेवढं सगळं चेहरा आणि मानेवर संपवते, कान आणि केसांचा भांग वेगळा. एका दुकानात मला ऐकवलं की १०० वालं घ्या मग दिवसभर बघायला नको. काहीही.

तीन प्रकार वापरून झाले. केमिकल फिल्टरवालं जेल लावायला मस्त पण घामासोबत डोळ्यात उतरलं की डोळ्यांतून पाणी. नुसतं झिंक ऑक्साइडवालं चट्ट्यांवर अजिबात झोंबलं नाही, पण चेहरा राखेत बुडवून काढल्यासारखा. शेवटी टिकले ते टिंटेडवर, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणारा प्रकाशही थोडा अडवतं आणि गालांची लाली झाकली जाते, म्हणजे ‘चेहऱ्याला काय झालं’ हा प्रश्न कमी झाला, हा माझ्यासाठी खरंच मोठा फायदा. कॉलरला तपकिरी डाग पडतात, धुवूनही पूर्ण जात नाहीत. स्प्रेवर पैसे घालवू नका, वाऱ्यात अर्धा हवेतच जातो.

या सगळ्याचा रिव्ह्यू करणं अवघड का, तर लुपसचा रॅश उशिरा येतो. साधा सनबर्न काही तासांत दिसतो, हा मात्र कधी काही दिवसांनी तर कधी आठवड्याने, दोन आठवड्यांनी उगवतो आणि आला की आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो. त्यामुळे आज क्रीम बदललं, उद्या लाली आली, म्हणून क्रीम वाईट, हा हिशोब इथे चालत नाही, मागच्या आठवड्यात कुठे फिरलात ते आठवा. मी फोनमध्ये दोन ओळी लिहिते, बाहेर किती वेळ होते, यूव्ही इंडेक्स, म्हणजे त्या वेळच्या यूव्हीच्या तीव्रतेचा आकडा, किती होता (३ च्या वर गेला की पूर्ण बंदोबस्त, ढग असले तरी), आणि एकाच जागी एकाच उजेडात फोटो. अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा हमखास शहाण्यासारखा स्वच्छ असतो, तेव्हा हे फोटो कामाला येतात. आणि प्रश्न फक्त दिसण्याचा नाही बरं का, यूव्हीने त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांच्या आतलं सामान बाहेर येतं आणि आपली इम्युनिटी त्यावरच तुटून पडते, म्हणून जास्त ऊन लागल्यावर मला सांधेदुखी आणि थकवाही येतो.

टॅक्रोलिमस ०.१ टक्का मलम चेहऱ्यावरच्या चट्ट्यांसाठी दिलं होतं. पहिले काही दिवस चांगलंच भगभगतं, गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावलं तर विचारूच नका, नंतर ते कमी होत जातं. चेहऱ्यावर स्टिरॉइड फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, याने होत नाही, म्हणून मी चिकाटीने लावलं आणि गालांवर फरक पडला. हातांवरच्या जाड चट्ट्यांवर मात्र जेमतेम.

रोजच्या गोळीबद्दल, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबद्दल, एवढंच की पहिले दोन-तीन महिने काहीच होत नाही असं वाटतं आणि लोक तिथेच सोडून देतात. सोडू नका. डोस वजनावर ठरतो, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत, आणि गोळीचा डोळ्यांवर परिणाम होतोय का हे बघायला डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनीचा त्रास असेल तर लवकर. त्या तपासणीत बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं असतं, डोळे ताणून ताणून न दिसलेलेही दिवे दिसायला लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांत या गोळीचा स्किनवर परिणाम कमी होतो असं डॉक्टर म्हणाल्या.

ऊन टाळून टाळून व्हिटॅमिन डी खाली जातं, ते तपासून घ्या, मला सप्लिमेंट सुरू आहे. आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराची नवीन गोळी कुणी लिहून दिली तर लुपस आहे हे आधी सांगा. थायझाइड गटातली बीपीची गोळी किंवा फंगससाठीचं टर्बिनाफिन यांनीही असेच चट्टे येऊ शकतात, आणि मग तुम्ही बसाल सनस्क्रीन बदलत.