गोचा सेट: खडे झकास, सोबतचा कागद टाकाऊ

गो, म्हणजे काळे-पांढरे खडे मांडून पटावर जागा घेरायचा दोघांचा खेळ, त्याचा सेट शोधत असाल तर आधीच सांगतो, तो मॅग्नेटवाला छोटा घडीचा सेट घेऊ नका. दिसतो गोंडस, पण 19 बाय 19 रेघांचा पट एवढुसा केला की खडे एकमेकांना चिकटतात, एक उचलायला गेलं की दोन सरकतात आणि मग कुठला खडा कुठे होता यावरच भांडण. मी घेतलाय तो लाकडी बोर्डवाला (म्हणजे एमडीएफच, लाकडी नुसतं लिहिलेलं असतं), एका बाजूला 19 रेघा, उलट बाजूला 13, आणि खडे काचेचे.

खड्यांना पैकीच्या पैकी मार्क. एकीकडून फुगीर आणि खालून सपाट, चीनमधल्या युन्नानचे युन्झी खडे असतात ना त्या टाइपचे, हाताला वजन लागतं, बोर्डवर ठेवताना मस्त टक्क आवाज येतो आणि या गेमची निम्मी मजा त्या आवाजात आहे असं माझं ठाम मत झालंय. जपानी भारी सेटमध्ये पांढरे खडे शिंपल्याचे आणि काळे नाची नावाच्या दगडाचे, त्यांची किंमत बघून मी गुपचूप टॅब बंद केला. तिकडे काळे खडे किंचित मोठे करतात, कारण पांढरा रंग डोळ्याला मोठा भासतो. आमच्यात दोन्ही एकाच मापाचे, त्यामुळे पांढऱ्याने जास्त जागा खाल्लीय असं उगाच वाटत राहतं. बोर्डही पक्का चौरस आहे, खरा बोर्ड खेळणाऱ्याच्या बाजूने थोडा लांब असतो कारण आपण तो तिरका बघतो. पण ठीकाय, या किमतीत चालतंय.

डोकं फिरलं ते सोबतच्या कागदावर. खडा घरात नाही तर रेघा जिथे कापतात तिथे ठेवायचा, चारही बाजूंच्या मोकळ्या जागा शत्रूने भरल्या की तो उचलायचा, इथपर्यंत बरोबर. पण कोचा नियमच गायब! मी तुमचा एक खडा मारला, तुम्ही तिथल्या तिथे माझा मारला, मी परत तुमचा, हे संध्याकाळपर्यंत चालू शकतं, म्हणून लगेच उलट मारायला बंदी असते, आधी दुसरीकडे एक चाल खेळायची. डाव संपतो कधी हेही कुठे नाही (दोघं लागोपाठ पास म्हणाले की संपला, मग जागा मोजायची). पहिली चाल काळ्याची म्हणून पांढऱ्याला जपानी नियमात साडेसहा पॉइंट बोनस असतो, तो अर्धा पॉइंट बरोबरी टळावी म्हणून, त्याचाही पत्ता नाही. नवीन माणूस हा कागद वाचून खेळायला बसला तर गेमच बकवास आहे म्हणून सेट माळ्यावर टाकेल.

आणि प्लीज, सुरुवात 19 वर करू नका. 361 जागा बघून काहीच सुचत नाही. 13 च्या बाजूवर कागद लावून 9 बाय 9 एवढाच भाग उघडा ठेवा, डाव पटकन संपतो आणि दोन डोळे (गटाने आत घेरलेल्या दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागा) असल्याशिवाय आपला गट जगत नाही हे मार खाऊन खाऊन कळतं. आमचा भाचा बुद्धिबळवाला, आल्या आल्या मारामारीच सुरू करतो, कोपरे आधी धरायचे असतात हे त्याला पटतच नाही, आणि मग मामा जिंकतो. अर्थात तो लवकरच पुढे जाणार, पण गोमध्ये त्याची सोय आहे, कच्च्या खेळाडूला दोनपासून नऊपर्यंत खडे आधीच मांडून देतात, मग खेळ दोघांनाही टाइट होतो. बुद्धिबळात वजीर काढून खेळलं की तो खेळच वेगळा होतो, इथे तसं वाटत नाही.

2016 ला सोलमध्ये अल्फागो या गुगलच्या कॉम्प्युटर प्रोग्रामने कोरियाचा गो चॅम्पियन ली सेडॉलला 4-1 हरवलं तेव्हापासून नुसतं बघत होतो, आता घरात आहे. अजून एक तक्रार म्हणजे डबे प्लास्टिकचे आणि बिनझाकणाचे. मारलेले खडे झाकणात ठेवायचे असतात म्हणजे समोरच्याला दिसतात, शेवटी हिशोबाला लागतात. आम्ही चटणीच्या वाट्या घेतल्यात. चार स्टार.