आसव, गोळी की चूर्ण? पोट जड राहणाऱ्यांसाठी

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन', म्हणजे यकृतात थोडी चरबी, असं आलं की आपल्या नागपुरात सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण कोरफडीचं कुमारी आसव सांगतो, दुसरा लिव्हरच्या गोळ्या, तिसरा म्हणतो, नुसतं हिंग्वाष्टक चूर्ण घे भाऊ, बाकी काही नको. मी तिन्ही घेतलेत. तुम्ही मेडिकलच्या काउंटरवर अडला असाल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

आधी तक्रार नेमकी कशाची, ते पाहा. सावजीचं जेवण झालं की पोट फुगतं, करपट ढेकर येतात, संध्याकाळपर्यंत जडपणा जात नाही. याला आपण सरसकट 'लिव्हर बिघडलं' म्हणतो. पण सुरुवातीचं फॅटी लिव्हर बहुधा काहीच त्रास देत नाही. त्रास देतं ते पोट. डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, शौचाला काळी होत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर यातलं काहीही घेऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा. अमुक औषधानं कावीळ किंवा यकृताचा आजार हमखास बरा होतो, असा दावा करायला आपल्या औषध नियमांतही मनाई आहे.

गोळीचं सांगायचं तर सोय मोठी. खिशात मावते, वास नाही, चव नाही. लिव्ह ५२ बाजारात आलं १९५५ साली, म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीपासून हा प्रकार घरोघरी आहे. कासनी, काकमाची, मंडूर भस्म अशी त्यातली द्रव्यंही जुनी, ओळखीची. पण या जातीच्या गोळ्या घेऊन आपल्याला काय वाटतंय, हे मला कधी नीट सांगता आलं नाही. भूक थोडी बरी लागली असेल, नसेलही. फॅटी लिव्हर खरोखर उतरवायचं तर वजन ७ ते १० टक्के कमी करण्याला पर्याय नाही, एवढं मात्र डॉक्टरही सांगतात.

कुमारी आसव पोटाला लागू पडलं, हे मान्य करतो. कोरफडीचं औषध, पोट साफ ठेवतं, जेवणावर वासना येते. गरोदर बाईला मात्र ते देत नाहीत, आणि गूळ-मध असल्यानं मधुमेह्यांनीही विचारूनच घ्यावं. माझं बिनसलं ते वेगळ्याच कारणानं. आसव आंबवून करतात, त्यामुळे त्यात आपसूक तयार झालेला मद्यार्क असतो, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. ते घ्यायचं जेवणानंतर, समभाग पाण्यात. रात्री घरी ठीक. पण दुपारचा डबा खाऊन मात्रा घ्यायची आणि लगेच लोकांसमोर बोलायला बसायचं, म्हणजे तोंडाचा वास समोरच्याला जाणवतोच. कोणी काही बोलत नाही, पण नजर कळते. प्रत्येकाला बाटली दाखवून 'औषध आहे जी' म्हणत बसणं मला जमलं नाही. मग दुपारची मात्रा चुकायला लागली, आणि जे दुपारी चुकतं ते औषध माझ्या लेखी उपयोगाचं नाही, कारण त्रास दुपारचाच होता.

म्हणून मी हिंग्वाष्टकावर स्थिरावलो. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभातावर आपण फोडणीचं हिंगाळ तेल ओतून घेतो, त्याच जातीची ही युक्ती. डाळीचा जडपणा हिंग-जिऱ्यानं सुसह्य होतो, हे आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. चूर्ण घ्यायचं पहिल्या घासाला, भातात तूप कालवून. मी डब्यात भाताची एक मूद आणि वर तूप, असं वेगळं बांधून नेतो. पोट फुगणं त्यानं जेवढं आवरलं, तेवढं बाकी दोघांनी नाही. वासाचं म्हणाल तर हिंगाचा वास डब्याचाच वाटतो, कोणाला खटकत नाही.

अर्थात सगळ्यांना सोसेल असं नाही. मुळात छातीत जळजळ, आंबट पाणी असा पित्ताचा त्रास असेल, तर हे उष्ण पडेल, विशेषतः आपल्या मे महिन्यात. तिथे वैद्य पित्तावरचं अविपत्तिकर चूर्ण सांगतात. सैंधव म्हणजे मीठच, तेव्हा बीपीवाल्यांनी जपून. यकृताच्या रिपोर्टावर त्याचा परिणाम होतो असंही मी म्हणणार नाही. ते पचनाचं चूर्ण आहे.

आयुर्वेदिक कंपनीच्या नावाचा बैद्यनाथ चौक असलेल्या या शहरात चूर्ण मिळायला अडचण नाही. डबी मात्र लहानच घ्या. पावसाळ्यात ते ओल धरून गोळा होतं, आणि झाकण सैल राहिलं तर हिंगाचा दम महिन्याभरात जातो.