राणी म्हणून विकलेली कामकरी मुंगी

घरी मुंग्यांची वसाहत पाळण्याचा छंद आपल्याकडे तसा नवा आहे. पण तो शाळकरी मुलांमध्ये पसरतो आहे आणि त्याच्याबरोबर समाजमाध्यमांवर राणी मुंग्या विकणारेही दिसू लागले आहेत. त्यांतले काही जण खरोखर अभ्यासू आणि सचोटीचे आहेत, हे आधीच नमूद करते. माझा व्यवहार ज्याच्याशी झाला, त्याने मात्र एकाच वसाहतीच्या नावाखाली माझ्याकडून तीन वेळा मिळून ३,१०० रुपये घेतले. रक्कम फार मोठी नाही; परंतु ज्या रीतीने ती घेतली गेली ती रीत कोणावरही सहज वापरता येण्यासारखी आहे, कारण ती एका खऱ्या नियमाच्या आडोशाने चालते. नवी वसाहत अंधारात ठेवावी, हलवू नये आणि सारखी उघडून पाहू नये, हा तो नियम. तो पाळणे मुंग्यांच्या हिताचेच आहे. पण जी वस्तू पाहायचीच नाही, ती सांगितल्याप्रमाणे आहे की नाही हे ग्राहकाला कळणार कसे? ते कळेपर्यंत तक्रारीला उशीर झालेला असतो आणि दोषही ग्राहकाच्याच माथी मारता येतो.

माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याला वर्षभर एखाद्या वसाहतीची वाढ टिपून ठेवायची होती. आम्ही नाशिकला राहतो; आमच्या अंगणात मुंगळे भरपूर आहेत, पण राणी हाती लागणे सोपे नसते. म्हणून ‘मुंगळ्यांची तरुण वसाहत’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मी विक्रेत्याशी बोलणे केले. राणी, दहा कामकरी मुंग्या, अंडी, काही अळ्या आणि ‘प्रथिनयुक्त द्रवखाद्या’ची एक बाटली, असे सगळे मिळून १,८०० रुपये ठरले. राणी २८ वर्षे जगते, असेही जाहिरातीत ठळकपणे लिहिले होते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची, म्हणजे लेशियस नायजर या जातीची, एक राणी पाळीव अवस्थेत जवळजवळ २९ वर्षे जगल्याची नोंद आहे. ती नोंद उचलून आपल्या मुंगळ्याला चिकटवलेली होती. मुंगळा ही अगदी वेगळी जात आहे, कँपोनोटस काँप्रेसस.

कुरिअरने आलेली परीक्षानळी पाहून संशय यावा असे काहीच नव्हते. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मधल्या ओलसर जागेत मुंग्या आणि तोंडाला दुसरा बोळा, अशी तिची मांडणी अगदी बरोबर होती. आत एक मोठी काळी मुंगी, तिच्याभोवती लहानमोठ्या आकाराच्या इतर मुंग्या आणि अंड्यांचा पांढरा पुंजका होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की नळीला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळावा, ती कपाटात ठेवावी, सहा आठवडे उघडू नये आणि आठवड्यातून दोनदा खाद्याचे दोन थेंब तोंडाकडच्या कापसावर सोडावेत.

या चिठ्ठीतच फसवणुकीची एक खूण होती, आणि ती नीट समजावी म्हणून राणीच्या आहाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. मुंगळ्याची राणी उड्डाणाच्या वेळी नराशी संग करते, नंतर पंख टाकते, जमिनीत लहानशी पोकळी करून स्वतःला आत कोंडून घेते आणि पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत काहीही खात नाही. अंगातली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू हेच तिचे अन्न असते. त्यांतूनच ती पहिल्या अळ्यांना भरवते. म्हणजे एकट्या राणीसाठी खाद्याची बाटली लागतच नाही. कामकरी आल्यावर खाद्य लागते, पण तेही दुकानातून आणावे असे नसते. एक भाग साखर किंवा मध आणि तीन भाग पाणी यांचा एखादा थेंब, आणि अळ्यांच्या वाढीसाठी कीटकाचा बारीकसा तुकडा, एवढ्यावर लहान वसाहत चांगली पोसते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी किंवा नाकतोड्याचा पाय पुरतो. कीटक उकळत्या पाण्यातून काढावा, म्हणजे त्याच्या अंगावरचे गोचिडासारखे बारीक जीव आत जात नाहीत. घरातले झुरळ मात्र कधीही देऊ नये, कारण कुठल्या फवाऱ्याचे विष त्याच्या अंगात आहे हे आपल्याला ठाऊक नसते. प्रौढ मुंगी घट्ट अन्न गिळत नाही; ती रस शोषते आणि तोंडातून तोंडात देत सगळ्या वसाहतीला पुरवते. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढले नाही तर बुरशी धरते आणि एवढ्याशा जागेत ती सगळ्यांचा घास घेते. विक्रेत्याच्या बाटलीतल्या पातळ तपकिरी द्रवाला आंबलेल्या गुळाच्या पाण्याचा वास येत होता, आणि सांगितल्याप्रमाणे तो कापसावर सोडल्यावर थोड्याच दिवसांत तिथे करडी बुरशी आली.

त्याआधीच मुंग्या मरू लागल्या होत्या. नळीच्या काचेतून मिशा तुटलेल्या, पाय तुटलेल्या मुंग्या दिसत होत्या. एकाच घरच्या मुंग्या एकमेकींचे लचके तोडत नाहीत. प्रत्येक वसाहतीच्या मुंग्यांच्या अंगावर मेणासारख्या द्रव्यांचा स्वतःचा गंध असतो आणि त्यावरून त्या आपले-परके ओळखतात. निरनिराळ्या वारुळांतल्या मुंग्या गोळा करून, गारठवून, एका नळीत घातल्या तर त्या काही काळ निपचित राहतात आणि ऊब मिळाली की भांडतात. आमच्या नळीत असेच झाले असावे, असा माझा तर्क आहे, कारण एरवी त्या जखमांचा उलगडा होत नाही. विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले होते: “ताई, तुम्ही नळी उघडलीत का? उजेड लागला की राणी बिथरते.” खाद्य त्याच्याच सांगण्यावरून घालत होतो, त्यामुळे नळी उघडली हे मी नाकारू शकत नव्हते. प्रवासाचा ताण, नाशिकची थंडी, आमच्या पाण्यातले क्लोरीन, अशी कारणे एकामागून एक आली आणि उपाय म्हणून ७०० रुपयांचे कोषांचे पाकीट आले. त्यातले कोष उमललेच नाहीत. मुंगळ्याच्या जातीत नव्या मुंगीला कोषातून बाहेर यायला बहुधा मोठ्या मुंग्यांची मदत लागते, आणि मदत करायला आत फारसे कोणी उरले नव्हते. अंड्यांचा पुंजकाही हळूहळू नाहीसा झाला. उपासमार आणि अस्वस्थता असली की मुंग्या आपलीच अंडी खातात.

ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी भिंगाखाली ती मोठी मुंगी पाहिली आणि क्षणभरात सांगितले की ही राणी नाही. त्यांनी सांगितलेल्या खुणा मी इथे सविस्तर देते, कारण त्या साध्या भिंगाने आणि बऱ्या मोबाइलच्या फोटोतही दिसतात. मुंगळ्यांच्या कामकरी मुंग्यांमध्ये लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याच्या अशा मुंग्या असतात. मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी नवख्या माणसाला सहज राणी वाटते. फरक छातीत असतो. राणीला कधी काळी पंख होते, म्हणून तिची छाती फुगीर आणि भरीव असते, पाठीवर ढालीसारखे वेगवेगळे भाग जोडलेले दिसतात आणि दोन्ही बाजूंना पंख गळाल्याच्या खुणा असतात. कामकरी मुंगीची छाती अरुंद, एका कमानीत उतरत गेलेली असते आणि डोकेच तेवढे अवाढव्य दिसते. शिवाय राणीच्या कपाळावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन बारीक ठिपक्यांसारखे साधे डोळे असतात. मुंगळ्याच्या कामकरी मुंगीला ते नसतात. आमच्या ‘राणी’ला यांतले काहीच नव्हते.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने वाद घातला नाही. पाठवताना नळ्यांची अदलाबदल झाली असे म्हणून त्याने ६०० रुपयांत ‘खात्रीची गरोदर राणी’ देऊ केली, आणि मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ती आम्ही मागवली. ही राणी खरी होती, छाती भरीव, कपाळावर तिन्ही डोळे. तिने अंडी घातली, अळ्या झाल्या, कोष झाले. मुलाने रोजची नोंद अतिशय मन लावून ठेवली. दीड-दोन महिन्यांनी कोषांतून बाहेर पडले ते किडकिडीत अंगाचे, लहान डोक्याचे, पंख असलेले नर. मुंग्यांमध्ये फलित अंड्यांतून मादी, म्हणजे राणी किंवा कामकरी, आणि अफलित अंड्यांतून नर निपजतात. ज्या राणीची सगळी पहिली संतती नर आहे, तिचा संग झालेलाच नसतो. विक्रेता म्हणाला, “नर निघाले म्हणजे वसाहत निरोगी आहे, पुढच्या खेपेला कामकरी येतील.” हे धादांत खोटे आहे. राणी उड्डाणाच्या काळात मिळालेले शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवून आयुष्यभर वापरते; ती पिशवी रिकामी असेल तर परीक्षानळीत बसून ती भरत नाही. नर काही काळाने मेले. ती राणी अजून आमच्याकडे आहे आणि अंडी घालते आहे, पण तिची वसाहत कधीच होणार नाही. एका जिवाचे सगळे आयुष्य कुणीतरी अशा रीतीने विकावे, याचा मला पैशापेक्षा जास्त संताप येतो.

पंख नसणे हा संग झाल्याचा पुरावा नव्हे, हे कृपया ध्यानात ठेवावे. संग न झालेल्या राण्याही पंख टाकतात आणि विक्रेत्याला ते उपटताही येतात. बाहेरून पाहून गरोदरपण सांगता येत नाही. त्याचा पुरावा एकच, तो म्हणजे तिने स्वतः वाढवलेल्या कामकरी मुंग्या. म्हणून एकटी राणी ‘खात्रीची’ म्हणून विकत असतील तर त्या खात्रीला अर्थ नाही. कामकरीसह घेतानाही एक गोष्ट पाहावी. राणी उपाशीपोटी ज्या पहिल्या मुंग्या वाढवते त्या अगदी खुज्या आणि जवळजवळ एकसारख्या आकाराच्या असतात. मोठ्या डोक्याच्या मुंग्या वसाहत बरीच वाढल्यावरच येतात. दहा मुंग्यांच्या तथाकथित तरुण वसाहतीत एक जरी मोठ्या डोक्याची मुंगी दिसली, तर त्या मुंग्या बाहेरून आणून घातल्या आहेत असे खुशाल समजावे. पैसे देण्याआधी राणीच्या छातीचा बाजूने काढलेला फोटो आणि त्याच दिवसाचा, कामकरी मुंग्या अळ्यांना चाटत-उचलत असल्याचा व्हिडिओ मागावा. राणी कुठे आणि कधी सापडली हे विचारावे. जो खरा छंदिष्ट असतो तो हे हौसेने सांगतो. जात कोणती हेही स्पष्ट विचारावे, कारण सगळ्याच राण्या मुंगळ्यासारख्या कोंडून घेत नाहीत. आपल्याकडची उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नॅथस सॅल्टेटर, वसाहत मांडतानाही शिकारीला बाहेर पडते आणि तिच्या राणीला उपाशी ठेवले तर ती मरते. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मात्र न चुकता करावे, आणि ‘उघडू नका’ असे कितीही बजावले असले तरी पहिल्याच तासात नळी उजेडाकडे धरून भिंगाने पाहून घ्यावी. तेवढ्याने कोणतीही राणी मरत नाही.

याच विक्रेत्याने मला ‘आफ्रिकेची लाल राणी’ही देऊ केली होती. ती मी नाकारली. २०२५ साली केनियातून सुमारे ५,००० राणी मुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांतून बाहेर नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना तिथल्या न्यायालयाने दंड ठोठावला, यावरून या बाजारात पडद्यामागे काय चालते याचा अंदाज येतो. परदेशी जात म्हणून येणारी मुंगी एक तर चोरीची असते किंवा इथलीच असते; आणि चुकून खरी निघाली व घराबाहेर पडली तर इथल्या मुंग्यांचे काय होईल याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

सर्व संभाषणाच्या, पैसे पाठवल्याच्या आणि जाहिरातीच्या प्रती काढून मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्यानंतर १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मुंग्यांचे पुढे काय होते ते पाहू, असे म्हणत थांबू नये. तक्रारीनंतर विक्रेत्याचे खाते बंद झाले. आता तीच जाहिरात वेगळ्या नावाने आणि वेगळ्या क्रमांकावरून सुरू आहे. फोटो तोच आहे: हिरव्या फरशीवर आडवी ठेवलेली नळी, डावीकडे स्टीलची पट्टी, आणि नळीत मधोमध ती मोठ्या डोक्याची, अरुंद छातीची कामकरी मुंगी. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका.