आपले सरकार सेवा केंद्र: पावती हातात आल्याशिवाय उठू नका

हॉटेलला, मोबाईलच्या दुकानाला, अगदी पाणीपुरीच्या गाड्यालाही आपण स्टार देतो, पण ज्या काउंटरवर घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी जावंच लागतं त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हा रिव्ह्यू. आपले सरकार सेवा केंद्र, आमच्याकडे लोक अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सगळं इथूनच निघतं. घरच्यांचे, शेजारपाजारचे, भाचेमंडळींच्या ऍडमिशनचे असे बरेच दाखले काढून दिलेत मी, तालुक्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर बसलेय, त्यामुळे एका केंद्राबद्दल नाही तर एकूण सर्व्हिसबद्दल लिहितेय. केंद्रांची नावं घेत नाही.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. पूर्वी तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्याकडे जायचं, स्टँप पेपर घ्यायचा, ऍफिडेव्हिट करायचं, मग कळायचं साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. आता अर्ज ऑनलाईन जातो, तहसीलदारांची डिजिटल सही होते, दाखला हरवला तर परत प्रिंट मारता येते. २०१५ च्या मार्चमध्ये शासन निर्णय निघाला आणि कायद्याने सक्तीचं नसेल तिथे ऍफिडेव्हिटच्या जागी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालायला लागलं. २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळेंनी परत जाहीर केलं की जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी ५०० चा स्टँप लागत नाही. तरीही तुम्हाला कुणी स्टँप आणायला पाठवत असेल तर तिथल्या तिथे विचारा, कुठल्या नियमाने लागतो ते दाखवा म्हणावं.

आता काउंटरवरचं. मागच्या पावसाळ्यात एका केंद्रावर माझ्या पुढे एक मावशी होत्या, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड मधून फाटलेलं, त्याला सेलोटेप. ऑपरेटर पंचवीसेक वर्षांचा पोरगा. पोर्टलला फोटो लागतो १६० बाय २०० पिक्सेलचा आणि ५ ते २० केबीचाच, कागदपत्रं ७५ ते ५०० केबीच्या मधे. मावशींच्या रेशनकार्डचा स्कॅन कमी केला की अक्षर वाचता येईना आणि वाचता येईल असा ठेवला की अपलोड होईना. त्या पोराने सेलोटेपची चमक येऊ नये म्हणून कार्ड खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलने परत परत फोटो काढले, पानं वेगवेगळी करून चढवली, मग ओटीपी आला तो मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा पुण्यात कंपनीत ड्युटीवर. फोन लागेपर्यंत सेशन आउट. पोराने शांतपणे परत पहिल्यापासून फॉर्म भरला, मागे लाईन ओरडत होती तरी. असे ऑपरेटर आहेत म्हणून ही सिस्टीम चालतेय हे मी अगदी मनापासून लिहितेय.

आणि मग दुसऱ्या टाईपचं केंद्र. "ताई साईट लई स्लो आहे, कागदं ठेवून जा, रात्री भरतो, झालं की फोन करतो." आपल्याला वाटतं बरं झालं, लाईनीत उभं राहायला नको. पैसे घेतात, ते पण बोर्डावरच्या रेटपेक्षा जास्त (कितीतरी वर्षं ३३ रुपये ६० पैसे रेट होता, २०२५ मध्ये वाढवला, पण जो काही असेल तो बोर्डावर असतो, बोर्ड नसेल तर विचारा का नाही). पावती मागितली की म्हणतात सर्व्हरवर दिसतंय ना, पावती कशाला. माझ्या भाच्याच्या वेळी असंच झालं, ऍडमिशनची तारीख जवळ आली तेव्हा मी जाऊन अर्जाचा नंबर दे म्हणून हट्टच धरला, तेव्हा कळलं फॉर्म सबमिटच झालेला नाही, कागदं ड्रॉवरमध्ये आणि भाच्याच्या घरचे समजतायत की तहसीलदार सही करत नाहीये.

इथेच सगळी गोम आहे आणि हे नीट समजून घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलीय, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. ग्रामपंचायतीचे जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणीचा दाखला, घराचा नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला हे पण त्यात आहेत. मुदतीत मिळालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, त्यानेही ३० दिवसांत निकाल द्यायचा. मग दुसरं अपील, आणि तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, तो पगारातून कापला जातो. कागदावर एवढं सगळं आहे, पण मुदत मोजायची ती सगळ्या कागदपत्रांसह पूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून. म्हणजे ड्रॉवरमधल्या कागदांना कायदा लागूच होत नाही! नंबर नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे उशीर झाला हे सिद्ध कसं करणार आणि अपील कशाच्या जोरावर करणार. ती अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पावती हीच खरी सर्व्हिस आहे, दाखला तिच्यानंतर येतो.

लोकांना वाटतं असल्या कागदी हक्कांनी काही होत नाही, चिरीमिरी दिली तरच काम होतं. यावर दिल्लीत एक फार भारी अभ्यास झालाय, लिओनिड पायसाखिन आणि पॉल पिंटो या दोघांचा, २०१० मध्ये छापून आला. झोपडपट्टीत राहणाऱ्या, रेशनकार्ड हवं असलेल्या लोकांचे गट केले, काहींनी नुसता अर्ज केला, काहींनी एनजीओचं शिफारसपत्र जोडलं, काहींनी लाच दिली आणि काहींनी अर्जानंतर आरटीआय टाकला की माझ्या अर्जाचं काय झालं. लाच देणाऱ्यांचं सगळ्यात आधी झालं हे खरं, पण आरटीआयवाल्यांचं पण त्यांच्या मागोमाग झालं, आणि नुसता अर्ज करणारे व शिफारसपत्रवाले बहुतेक वर्ष उलटलं तरी वाट बघत होते. गरीब माणसाने लेखी विचारलं तर ते पैशाच्या जवळपास चालतं, हे आकड्यांनिशी दाखवलंय. मी हे वाचल्यापासून प्रत्येकाला सांगते की भांडू नका, हात जोडू नका, नंबर घ्या आणि मुदत संपली की लेखी विचारा. आमच्या गल्लीत तरी अपील करणार एवढं म्हटल्यावरच दोघातिघांचे दाखले हलले.

बरं, केंद्राने वेळेत भरलं तरी पुढे गाडी अडते ती तलाठ्यापाशी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण सगळे तलाठीच म्हणतात). ऑनलाईन फॉर्मला जो तलाठ्याचा उत्पन्न अहवाल जोडायचा तो बहुतेक ठिकाणी अजून हातानेच आणावा लागतो, एका तलाठ्याकडे अनेकदा शेजारच्या सजाचाही (म्हणजे शेजारच्या तलाठ्याच्या हद्दीचाही) चार्ज, पंचनामे, ई-पीक पाहणी, निवडणुकीची कामं सगळं त्याच्याच गळ्यात. तो माणूस ऑफिसला कधी सापडणार हे गावात कुणालाच माहीत नसतं. म्हणजे १५ दिवसांचं मीटर सुरू व्हायच्या आधीच लोकांचे दिवस जातात, आणि ते कुठल्याही आकडेवारीत येत नाहीत. डॅशबोर्डवर सगळं वेळेत दिसतं. मला या सर्व्हिसमधली सगळ्यात मोठी खोट हीच वाटते, केंद्रातल्या पोरांपेक्षा मोठी.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण आली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. पहिल्यांदा मुदत फक्त १५ जुलैपर्यंत होती, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल मागितलं होतं, त्यात कॉलेज ऍडमिशनचा सीझन, तलाठी ऑफिससमोर आणि सेतूसमोर बायांच्या अशा रांगा लागल्या की विचारू नका. मग सरकारने मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको असं सांगितलं. जी माहिती सरकारकडे रेशनकार्डात आधीच आहे तीच परत दाखला काढून सरकारलाच द्यायची हा द्राविडी प्राणायाम एका फटक्यात बंद करता येतो हे तेव्हा दिसलं. मग बाकीच्या योजनांना का नाही करत?

दुसऱ्या राज्यांकडून घेण्यासारखं बरंच आहे. मध्य प्रदेशने सेवा हक्काचा असा कायदा देशात सगळ्यात आधी केला, २०१० ला. कर्नाटकात सकाळा नावाची अशीच योजना आहे, तिथे अर्ज घेतानाच १५ अंकी नंबर मिळतो आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला मागता येतात. रक्कम मोठी नाही, पण उशिराची किंमत ज्याने सोसली त्याला मिळते. आपल्याकडे दंड झाला तरी अर्जदाराच्या हातात काही पडत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हरियाणाचं, २०२१ पासून तिथे ऑटो अपील आहे, मुदत संपली की कॉम्प्युटर स्वतःच वरच्या अधिकाऱ्याकडे अपील टाकतो. त्या सेलोटेपवाल्या मावशी काही अपील टाईप करणार नाहीत, त्यांच्यासाठी हेच हवं. आपल्या पोर्टलवर अर्जाची तारीख आहे, मुदत ठरलेली आहे, वरचा अधिकारी कोण ते पण ठरलेलं आहे, मग अडलंय कुठे?

आणि रिव्ह्यूने काय होणार म्हणणाऱ्यांसाठी, बंगळुरूत सॅम्युअल पॉल यांनी १९९४ ला हेच केलं होतं. नागरिकांना विचारून पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका अशा खात्यांचं रिपोर्ट कार्ड काढलं आणि ते पेपरात छापून आलं. १९९९ आणि २००३ ला परत काढलं. सुरुवातीला मार्क अगदी खराब होते, तिसऱ्या वेळेपर्यंत बऱ्याच खात्यांचे चांगले सुधारले. आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रांचं असं कार्ड कुणी काढणार असेल तर मी घरोघर फिरायला तयार आहे.

ग्रामपंचायतीतल्या केंद्रांबद्दल थोडक्यात: केंद्र चांगलं, पण ऑपरेटर टिकत नाही. २०११ च्या संग्राम केंद्रांपासून या पोरांची मानधन थकल्याची ओरड आहे, आंदोलनं झाली, योजनेचं नाव बदललं, ओरड तीच. ज्याच्या हातात अख्ख्या गावाचे दाखले आहेत त्याला वेळेवर पैसे द्या एवढं साधं आहे हे.

माझं रेटिंग: लोकसेवा हक्क कायदा ४ स्टार, पोर्टल ३ (फोटोच्या केबीचा छळ बंद करा, एक स्टार वाढवते), तलाठी अहवालाची पद्धत १, केंद्रं ज्याच्या त्याच्या नशिबावर पण चांगला ऑपरेटर सापडला तर पूर्ण ५.

जाताना ओटीपीचा मोबाईल ज्याच्याकडे असेल त्याला सोबत न्या किंवा आधी फोन करून ठेवा. जून-जुलैत जायची वेळ येऊ देऊ नका, दहावी-बारावीच्या मुलांचे दाखले जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा, फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कुठल्या वर्षापर्यंत चालणार ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. आणि दाखला झाला नाही तर पोर्टलवरून ऑनलाईन अपील करता येतं.