दोन लाख चाललेली फॉर्च्युनर की ऐंशी हजार चाललेली जुनी थार?

वेल्ह्याकडे किंवा भोरकडे थोडी जमीन घेतली आहे, डांबर संपल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर मातीचे आणि चढाचे आहेत, पावसाळ्यात तिथं साधी गाडी पोचत नाही. हातात सात-आठ लाख रुपये आहेत. अशा माणसापुढे जुन्या बाजारात हमखास दोन गाड्या येतात. एक, २०११-१२ ची तीन लिटरची फॉर्च्युनर फोर बाय फोर (म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना), मीटरवर दोन लाख किलोमीटरच्या पुढे. दुसरी, २०१५-१६ ची महिंद्राची थार सीआरडीई (नव्या पद्धतीचं, कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली), ऐंशी-नव्वद हजार चाललेली. पहिला कौल साहजिकच थारला जातो, कारण मीटर कमी. माझं म्हणणं असं की, मीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

फॉर्च्युनरचे दोन लाख बहुतेक वेळा महामार्गावरचे असतात. पुणे-नागपूर, पुणे-मुंबई अशा फेऱ्या, हातात ड्रायव्हर, वेळच्या वेळी सर्व्हिस. इंजिन गरम होऊन एका लयीत चालत राहिलं की त्याची झीज कमी होते. थारचे ऐंशी हजार मात्र कुठले असतील सांगता येत नाही. त्यातले काही ओढ्यातले, काही दगडातले, काही फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून चिखलात चाकं फिरवलेले असू शकतात. म्हणून विकणाऱ्याला ‘किती चालली?’ याच्या आधी ‘कुठं चालली?’ हे विचारा, आणि उत्तराची खात्री गाडीच्या खाली झोपून करा.

यंत्र म्हणून दोन्ही गाड्या वेगळ्या वळणाच्या आहेत. २०१० साली आलेल्या थार सीआरडीईत २४९८ सीसीचं डिझेल इंजिन आहे, १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर. फोर बाय फोर गरजेपुरतं, लिव्हर ओढून लावायचं. डांबरावर ते लावून चालवलं की गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो. २०१५ च्या बदलानंतर मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) आपोआप लागणारं, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक आलं. निसरड्या चढावर एक चाक हवेत गेलं तर त्याचा खरा उपयोग कळतो. त्यामुळे थार घ्यायचीच तर शक्यतो २०१५ नंतरची. थारच्या नावाखाली जुन्या पद्धतीचं डीआय डिझेल इंजिन असलेली, आणि त्यातही टू-व्हील ड्राइव्ह (दोनच चाकांना ताकद) गाडी विकायला येते, तेव्हा आरसी बुक नीट वाचा.

फॉर्च्युनरच्या त्या पिढीचं (२००९ ते २०१६) इंजिन २९८२ सीसीचं, १७१ पीएस आणि ३४३ न्यूटन मीटर. तिचं फोर बाय फोर कायम चालू असतं, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वेगळं डिफरन्शियल असल्यामुळे पावसात ताम्हिणी उतरताना ते न सांगता काम करतं. पण याच कारणानं चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. दोन नवे, दोन जुने असे मिसळलेले टायर दिसले तर भाव करताना चारही टायरची किंमत वजा धरा. २०१२ पासून टू-व्हील ड्राइव्ह फॉर्च्युनरही आली, तीच बाजारात जास्त दिसते. मागच्या दारावरचा ‘४ बाय ४’चा स्टिकर कुठल्याही दुकानात मिळतो. गिअरजवळ दुसरा लिव्हर आहे का ते बघा.

आकाराचा मुद्दा लोक विसरतात. फॉर्च्युनर ४७०५ मिलिमीटर लांब, १८४० रुंद. थार ३९२० लांब, १७२६ रुंद. वाडीतल्या दोन गडग्यांमधून किंवा एका बाजूला दरी असलेल्या वळणावर हा फरक घोडाशक्तीपेक्षा जास्त जाणवतो. उलट घरच्यांना घेऊन दर शनिवारी दोनशे किलोमीटर जायचं असेल तर थारमधल्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर म्हाताऱ्या माणसांना बसवू नका. त्या थारला एअरबॅग नाहीत, आणि २०१९ च्या सुमारच्या शेवटच्या गाड्या सोडल्या तर एबीएसही नाही. फॉर्च्युनरला दोन्ही आहे. लहान मुलं असतील तर माझ्या लेखी हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

आता तपासणी. थारमध्ये आधी पत्रा आणि चेसिस. कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्याकडची गाडी असेल तर दाराच्या खालच्या कडा, विंडशील्डची चौकट आणि मॅटखालची फरशी बघा. मॅट उचलू देत नसतील तर तिथंच थांबा. नवीन काळा अंडरकोटिंग मारलेला दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हलकेच टोचून बघा, खाली पापुद्रे सुटले की समजायचं. मग मिस्त्रींना मागच्या डिफरन्शियलचा ऑइल भरायचा बोल्ट काढायला सांगा आणि बोट बुडवून तेल बघा. तेल काळपट-तपकिरी असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलेलं आहे, गाडी ओढ्यात उभी होती. पुढच्या अ‍ॅक्सलला आणि ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) हेच करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण विकणाऱ्याच्या सगळ्या गोष्टींपेक्षा ते बोट जास्त खरं बोलतं.

फॉर्च्युनरमध्ये पैसा इंजिनाभोवती अडकतो. या इंजिनात इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळायला लागले की जळालेला वायू ऑइलमध्ये उतरतो, काजळीचा गाळ होतो आणि ऑइल खेचणारी जाळी चोंदते. त्याकडे दुर्लक्ष झालं तर इंजिनच जातं. त्यामुळे इंजेक्टर आणि सील कधी बदलले याचं बिल मागा. टायमिंग बेल्टचंही मागा. लाख-दीड लाखाच्या टप्प्यावर तो बदललेला हवा, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. गाडी बघायला जाताना फोनवर सांगून ठेवा की आधी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू झाल्यावर निळा धूर येतो का, ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात वाफारा येतो का ते पाहा. गॅरेजवाले याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. तसं असेल तर सौदा सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

दोन्ही गाड्यांत लो-रेंज (म्हणजे तेच फोर-लो) मातीच्या मैदानावर लावून बघायचीच. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, पुढून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे गेलेत. कित्येक मालकांनी हा लिव्हर वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो आणि तो अडकलेला निघतो.

कागदांत वयाचा फरक मोठा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०११ च्या फॉर्च्युनरची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असणार. पुढे फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०१६ च्या थारला त्या मानानं अजून अवकाश आहे. पण थारवर उंच केलेलं सस्पेन्शन, मोठे टायर, लोखंडी बुलबार असं काही चढवलेलं असेल तर पासिंगच्या वेळी अडचण येते. बुलबारवर तर २०१७ पासून बंदी आहे. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह पडतो. डिझेल गाडी दहा वर्षांपुढे चालवू न देण्याच्या तिथल्या नियमामुळे त्या स्वस्त झाल्या. त्यात एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

जिप्सीचं काय, असं कुणी विचारेलच. १.३ लिटर पेट्रोल, वजन टनाच्या आसपास, चिखलात दोघींनाही मागे टाकेल. पण चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे दणके फार, आणि चांगल्या अवस्थेतली मिळणं अवघड. ती दुसरी गाडी म्हणून छान.

आणि जमीन लातूर-परभणीच्या काळ्या मातीत असेल तर आधी टायर बघा. ती माती साध्या टायरच्या खाचा भरून टाकते, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही.

वेल्ह्याच्या त्या चढासाठी, घरात दुसरी गाडी असेल तर मी २०१५ नंतरची, न छेडलेली थार घेईन, मीटरवर सव्वा लाख असले तरी. एकच गाडी ठेवायची असेल आणि कुटुंब बरोबर असेल तर बिलांची फाइल असलेली फॉर्च्युनर. फक्त तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला हवा. तेवढा उरत नसेल तर थारच. टोकन देताना साध्या कागदावर लिहून घ्या की बँकेचा बोजा उतरवून देणं, जुनी चलनं भरणं आणि नंबरप्लेट नव्या पद्धतीची बसवून देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी, आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय उरलेली रक्कम द्यायची नाही.