डोमिनारचा पुढचा टायर: नायलॉन, देशी रेडियल की परदेशी?

एप्रिलच्या शेवटी कराडजवळ रस्त्याच्या कामाच्या खडीतून जाताना माझ्या बजाज डोमिनार ४०० मोटरसायकलच्या पुढच्या टायरला कडेला काप गेला. कडेचा काप कोणी जबाबदार पंक्चरवाला भरत नाही, भरूही नये. टायर तसाही झिजून टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, खुणेला टेकत आला होता. दोन दिवसांवर चिपळूणला जायचं होतं आणि गावातल्या दुकानात ११०/७०-१७ या साइझमध्ये एकच टायर शिल्लक होता: साध्या बांधणीचा, सव्वीसशे रुपयांचा. दुकानदार त्याला नायलॉन म्हणतात, कंपनीच्या कागदावर बायस लिहिलेलं असतं. मी तो बसवला आणि पुढे चार हजार दोनशे किलोमीटर चालवला, त्यात जून आणि जुलैचा पाऊस आला. माझ्या मावसभावाकडेही डोमिनारच आहे, तिला देशी रेडियल आहे. आम्ही अनेकदा गाड्या अदलाबदल करून चालवल्या. ज्यांचा पुढचा टायर आता झिजून गोटा झालाय आणि जे दुकानाच्या दारात उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी समोर काय काय आहे ते पाहू. डोमिनार कारखान्यातून दोन्ही चाकांना रेडियल घेऊन येते, पुढे ११०/७० आर १७ आणि मागे १५०/६० आर १७. केटीएम ३९० ड्यूकला बरीच वर्षं हेच साइझ होते, त्यामुळे निवडीला वाव भरपूर आहे. ढोबळमानाने तीन गट पडतात, भाव मी टायर घेतला तेव्हाचे. नायलॉन अडीच हजारांच्या आसपास. एमआरएफ, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप यांच्यासारख्या देशी कंपन्यांचे रेडियल चार हजारांच्या आगेमागे. मिशेलिन, पिरेली, मेट्झेलर यांचे वरच्या दर्जाचे टायर आठ ते दहा हजार. दुकानागणिक चार-पाचशे रुपये इकडेतिकडे होतात.

नायलॉन आणि रेडियल ओळखायला टायरवरचा आकडा पुरतो. ११०/७० नंतर आडवी रेघ असली तर बायस, आर असला तर रेडियल. बायसमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके, फुलीसारखे टाकलेले असतात. त्यामुळे टायरची कड आणि रस्त्याला टेकणारा भाग दोन्ही सारखेच ताठ होतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरच्या नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. कड लवचीक राहते, नक्षीचा भाग सपाट टेकतो आणि हमरस्त्यावर टायर कमी तापतो. खाली जे फरक सांगतोय त्यातले बरेचसे इथूनच निघतात.

पहिले दोनशे किलोमीटर

नवा टायर बसवून निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणाला पोटात गोळा आला. हँडल हातात हलकं लागत होतं, गाडी वळणात आपोआप पडल्यासारखी आत जायची आणि पुढचं चाक खडूच्या भुकटीवर चाललंय असं वाटायचं. स्वस्त टायर घेऊन चूक केली, हाच विचार डोक्यात होता. मलकापूरला पंपावर हवेचा मीटर लावला तर ४२ पीएसआय. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून टायरवाले सुरुवातीला जास्त हवा मारतात आणि पुष्कळदा ती कमी करायची राहून जाते. मी गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणली आणि निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेल्या निम्मीची कारणं दोन. नव्या टायरची वरची कातडी तुळतुळीत असते. साच्यातून बाहेर आलेला पृष्ठभाग रस्त्यावर घासला जाईपर्यंत पकड कमीच असते, मग टायर अडीच हजारांचा असो की दहा हजारांचा. पहिले दीड-दोनशे किलोमीटर वळणात हळूहळू झुकवत न्यायचं आणि दाबून ब्रेक मारायचा नाही. दुसरं कारण जुन्या टायरचं. पुढचा टायर मधे कमी आणि खांद्यांवर, म्हणजे नक्षीच्या दोन्ही बाजूंना, जास्त झिजतो. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे उजवी वळणं लांब पडतात, म्हणून उजवा खांदा आधी जातो. अशा वाकड्या झिजलेल्या टायरची हाताला वर्षभर सवय झालेली असते. त्या जागी गोल, भरलेला टायर आला की गाडी अनोळखी वाटणारच. भावाने नवा रेडियल बसवला तेव्हा पहिल्या आठवड्यात तोही हेच बोलत होता.

म्हणून दोनशे किलोमीटरच्या आत कुठल्याही टायरला नावं ठेवू नका. मात्र हँडल थरथरत असेल तर सवयीची वाट पाहू नका. माझं हँडल ८५ च्या पुढे थरथरायला लागायचं. ते टायरचं नव्हतं, चाकाचा तोल साधलेला नव्हता. मोटरसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग लहान दुकानात होत नाही, त्यासाठी कराडात दुसरीकडे जावं लागलं. तीस ग्रॅम वजन लागलं आणि थरथर थांबली. तेवढ्यात त्या मेकॅनिकने पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवून दाखवलं: सरळ रेषेत आल्यावर ते खट्‌कन अडकत होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला होता. जुन्या टायरच्या गुरगुरीत ते कळलंच नव्हतं. टायर बदलताना हे एकदा तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

कोरडा रस्ता, खड्डे, हमरस्ता

सवय झाल्यावर कोरड्या रस्त्यावर नायलॉनने मला त्रास दिला नाही. कराड–कोल्हापूर हमरस्त्यावर ९० ने, मागे बायको आणि दोन बॅगा, गाडी सरळ आणि शांत. रेडियलशी तुलना केली तर हाताला एक फरक लागतो. रस्त्यावरचे बारीक उंचवटे, सांधे, डांबराची ठिगळं नायलॉनवर मनगटापर्यंत पोचतात, रेडियल ती गिळून टाकतो. दोनशे किलोमीटरनंतर तळहात बधिर होतात की नाही, हा फरक त्यातून पडतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याला तो जाणवणार नाही, दिवसभर चालवणाऱ्याला जाणवेल.

उलट खराब रस्त्यावर नायलॉनची ताठ कड कामाला येते. पाटणच्या पुढे खड्ड्यांच्या पट्ट्यात भाऊ रिमची काळजी करत सांभाळून चालवायचा, मी थोडा निर्धास्त असायचो. परदेशी टायरवाल्यांनी याचा विचार आधीच करावा. माझ्या एका मित्राच्या ३९० ड्यूकला साडेनऊ हजारांचा टायर आहे. घाटात ती गाडी ज्या खात्रीने वळते ती माझ्या डोमिनारने कधी दिली नाही. ओल्या रस्त्यावरसुद्धा टायर काय करतोय ते हँडलमधून स्पष्ट कळतं. पण कोकणात एका धारदार दगडाने कडेला काप गेला की साडेनऊ हजार एका क्षणात गेले. ज्याच्या वाटेवर रस्त्याची कामं चालू आहेत त्याने तो टायर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊस

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं कराडहून चिपळूणला निघालो. हेळवाकला चहा घेतला, तिथे गाड्या बदलल्या आणि कुंभार्ली घाट मी भावाच्या रेडियलवर उतरलो. पाऊस संततधार, धुकं, मधेच वरून वाहत आलेली लाल माती. गाडी ओल्यात जड वाटत होती, पण ब्रेकवर दोन बोटं ठेवली की चाक रस्ता धरून असल्याचं कळत होतं. एका वळणाआधी डांबर वर येऊन काळं, चकचकीत झालं होतं. तिथे पुढचं चाक किंचित सरकलं. पण सरकण्याआधी हँडल जरा सैल झाल्यासारखं लागलं, आणि तेवढ्यात मी ब्रेक सोडला होता.

संध्याकाळी परतताना अर्ध्या घाटात थांबून पुन्हा आपापल्या गाड्या घेतल्या. घाटमाथ्यानंतर कोयनानगरकडे उतार लागतो, पाऊस तसाच होता. तशाच एका चकचकीत पट्ट्यावर माझ्या नायलॉनने काहीच सांगितलं नाही. ब्रेकची मूठ अचानक बोटांखाली धडधडायला लागली, म्हणजे एबीएस, चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, सुरू झालं होतं. गाडी उभी राहिली, पडलो नाही. वेग चाळीसच्या आतच होता. पण तिथून घरापर्यंत मी एकाही वळणावर गाडी मोकळेपणाने झुकवली नाही. हा अनुभव त्या पावसाळ्यात तीनदा आला आणि तिन्ही वेळा भाऊ त्याच जागेवरून एबीएस न लागता गेला.

कारण रबरात आहे. स्वस्त टायरचं रबर बहुधा जास्त किलोमीटर टिकावं म्हणून कडक बनवतात. ओल्यात पकड वाढवण्यासाठी रबरात सिलिका नावाची बारीक भुकटी घालतात, तिचा खर्च महाग टायरमध्ये परवडतो. टायर थंड आणि ओला असताना कडक रबर रस्त्याच्या बारीक खळग्यांत बसत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड कुठून आणणार? ब्रेकचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं सरकलं तर गाडी सावरायला वेळ मिळतो, पुढचं सरकलं तर मिळत नाही. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर पुढच्या चाकावर वाचवू नका, असं मी आता पावसात चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

साइझ आणि जोडी

दुकानात ११०/७० नसेल तर "१००/८० घ्या, सेमच बसतो" असं सांगतात. बसतो हे खरं. पण गणित करून पाहा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते. ११०/७० च्या कडेची उंची ७७ मिलिमीटर, १००/८० ची ८०. म्हणजे व्यास सहा मिलिमीटरने वाढला, फरक एक टक्का. एवढ्याने एबीएस बिघडत नाही. पण टायर दहा मिलिमीटर अरुंद झाला, त्याचा गोलावा बदलला आणि गाडी वळणात वेगळी पडायला लागली. ११०/८० घेतला तर व्यास बावीस मिलिमीटरने वाढतो, तो विचार सोडूनच द्या. गाडीच्या कागदावर जो साइझ आहे तोच घ्या, दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

पुढे नायलॉन आणि मागे रेडियल ही जोडी काही गाड्यांना कारखान्यातूनच असते, यामाहा आर १५ ला पुढे बायस आणि मागे रेडियल येतो. पण ती गाडी त्या जोडीवर बसवलेली आहे, डोमिनार दोन्ही रेडियलवर बसवलेली आहे. याच्या उलट, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, ही जोडी तर लावूच नका.

साइझपुढचा आकडा आणि अक्षरही वाचा. ५४ म्हणजे टायर २१२ किलो भार पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०, पी म्हणजे १५०. माझ्या नायलॉनवर एस होतं, आपल्या वेगाला ते पुरेसं आहे. चार आकडी तारीख मात्र सोडू नका. १४२४ असेल तर टायर २०२४ च्या चौदाव्या आठवड्यात बनला. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळतो तो त्याचमुळे.

पैसे

चार हजार दोनशे किलोमीटरनंतर माझ्या नायलॉनची नक्षी जवळजवळ जशीच्या तशी होती. टिकण्यात तो रेडियलला हरवेल, हे मान्य. पण हिशोब करून पाहा. नायलॉन सव्वीसशेचा, भावाचा रेडियल एकेचाळीसशेचा, फरक पंधराशे. दोन्ही टायर सारखेच वीस हजार किलोमीटर गेले असं धरलं तर किलोमीटरमागे साडेसात पैसे. साडेनऊ हजारांचा परदेशी टायर त्याहून मऊ, पंधरा हजार किलोमीटर धरा, तर देशी रेडियलपेक्षा वरचा खर्च किलोमीटरमागे जवळजवळ त्रेचाळीस पैसे. साडेसात पैशांत पावसातली ती खूण मिळते, चाक सरकायच्या आधी हँडल सैल होण्याची. पुढच्या त्रेचाळीस पैशांत पकड आणखी वाढते, पण दगडाची भीतीही वाढते.

ज्याची गाडी नागपूर–अमरावतीसारख्या सरळ रस्त्यावर चालते, पावसात जो गाडी काढत नाही आणि ज्याच्या वाटेत खड्डे जास्त आहेत, त्याने नायलॉन बिनधास्त घ्यावा. माझं पावसाळ्यात दर महिन्याला कोकणात जाणं असतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी नायलॉन उतरवला आणि देशी रेडियल बसवला. यावेळी टायरवाल्यासमोर उभा राहून टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का ते पाहिलं, वॉल्व्ह नवा घालून घेतला, रिमजवळची बारीक रेघ चाकाभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते बोट फिरवून तपासलं, आणि हवा मीटर लावून पुस्तिकेतल्या आकड्यावर आणल्यावरच पैसे दिले. निघण्याआधी जागेवरच पुढचा ब्रेक चार-पाच वेळा दाबला. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात, आणि पहिल्या दाबाला मूठ थेट हँडलला टेकली होती.